अनुक्रमांक चारशे तेरा

प्रूफकाकांनी मतदारांची कच्ची यादी जेवणाच्या टेबलावर पसरली, चष्मा पुसला, लाल शाईच्या पेनाचं टोपण काढलं आणि जाहीर केलं, "आता तासभर माझ्याशी कुणी बोलू नका." घरात लेकीखेरीज दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे हे 'कुणी' म्हणजे कोण ते तिला बरोबर कळलं.

"बाबा, ती यादी तपासायला माणसं नेमलेली असतात," लेक म्हणाली. "त्याचा पगार घेतात ती."

"म्हणूनच," असं म्हणून प्रूफकाका पहिल्या पानावर वाकले.

प्रूफकाका हे नाव त्यांना गल्लीनं दिलेलं. छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांची अडतीस वर्षं गेली होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी खोड काही गेली नव्हती. औषधाच्या बाटलीवरची सूचना असो की दुकानाची पाटी, चूक दिसली की त्यांच्या हाताला कंड सुटायची. लेकीच्या ऑफिसातून एकदा घरी शुभेच्छापत्र आलं, तर ते यांनी लाल शाईनं दुरुस्त करून साहेबांना परत पाठवलं होतं. पुढच्या वर्षीपासून शुभेच्छा येणं बंद झालं.

पण मतदारयादीची गोष्ट वेगळी होती. तिच्याशी त्यांचं घरचं नातं होतं. पूर्वी अक्षरांचे खिळे जुळवून छपाई व्हायची, त्या काळात निवडणूक जाहीर झाली की याद्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे छापखान्यात येऊन पडायचे. हे काम दोघांचं. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं प्रुफावर बोट ठेवून ऐकत जायचं. वाचायला एक मुलगी नव्यानं लागली होती. "घर क्रमांक सव्वीस, पुरुष, वय चोपन्न" अशी दिवसाला दीड-दोन हजार माणसं ती खणखणीत आवाजात वाचायची. शिवाय मधूनच आवाज न बदलता स्वतःचं काहीबाही घुसडायची. "स्त्री, वय एकवीस, ही पुढच्या यादीत सासरी सापडेल." प्रूफकाका तेव्हा काका झाले नव्हते, केस काळे होते, ते हसायचे आणि बोट कुठं होतं तेच विसरायचे. मग म्हणायचे, "मागे या." दोन निवडणुका असं 'मागे या' चाललं. तिसऱ्या निवडणुकीपर्यंत त्याचं 'मागे ये' झालं होतं. लग्नाची तारीख त्यांना कधीच आठवायची नाही, पण ते कोणत्या निवडणुकीचं साल होतं ते पक्कं ठाऊक असायचं.

त्या कामात एकच सल राहून गेला होता. वाचता वाचता ती थबकायची. "अहो, हे तर गेले. आपण भेटायला गेलो होतो ना त्यांच्या घरी?" प्रूफकाका विचारायचे, "मूळ प्रतीत आहेत?" ती म्हणायची, "आहेत." "मग चालू दे पुढे." छापखान्याचा नियमच तसा. प्रूफ मूळ प्रतीशी जुळलं पाहिजे. जगाशी जुळतं की नाही हे बघायचं काम छापखान्याचं नव्हे. अशी कितीतरी गेलेली माणसं त्यांनी स्वतःच्या सहीनं जिवंत ठेवली होती. आता मात्र ते मोकळे होते. कायद्यानं कुणाही मतदाराला यादीवर आक्षेप घेण्याचा हक्क दिला होता, आणि प्रूफकाका मतदार होते.

तासाभराचे तीन दिवस झाले. एकंदर अठ्ठावन्न मयत माणसं सापडली. प्रत्येक नावावर लाल रेघ, तिथून समासापर्यंत ओढलेली दुसरी रेघ आणि समासात 'काढून टाका'ची वेटोळी खूण, असं सगळं रीतसर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चौदावं पान आलं. पानावर एका ओळीत तीन-तीन चौकटी होत्या. एका ओळीतली पहिली चौकट चारशे बारा, म्हणजे खुद्द प्रूफकाका. शेजारची चौकट चारशे तेरा, म्हणजे ती.

तिला जाऊन चार वर्षं झाली होती. ती गेल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी स्वतः फिरून बँकेतून, वाचनालयातून, दवाखान्याच्या नोंदीतून तिचं नाव काढून घेतलं होतं. दारावरची पाटीसुद्धा बदलली होती. चूक ती चूक. यादीकडे मात्र तेव्हा लक्ष गेलं नव्हतं. आणि आता बघतात तर दोघं शेजारी शेजारी, एकाच शाईत, छापील. एवढंच नव्हे, यादीनं दर वर्षी तिचं वयही वाढवत आणलं होतं. गेली तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती, आणि इथं स्वच्छ लिहिलं होतं, वय एकाहत्तर. प्रूफकाका त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तिच्या नावाखाली बारीक टिंबं दिली. छापखान्याच्या भाषेत नावाखाली टिंबं म्हणजे 'आहे तसं राहू द्या'.

"बाबा, आई राहिली," लेक मागून म्हणाली.

"राहू दे."

"अहो, राहू दे काय? अठ्ठावन्न जणांना काढताय ना?"

"अठ्ठावन्न पुष्कळ झाले," प्रूफकाका म्हणाले आणि पान उलटलं.

निवडणूक कचेरीतल्या कारकुनानं तो गठ्ठा उलटापालटा करून पाहिला. "काका, ही गांडुळं कसली काढलीत कडेला?"

"गांडुळं नव्हेत. 'काढून टाका'ची खूण आहे ती. जगभर चालते."

"जगाचं जाऊ द्या, इथं फॉर्म चालतो. एका नावाला एक. अनुक्रमांक, नाव, कारण, सही. अठ्ठावन्न नावं, अठ्ठावन्न फॉर्म." कारकुनानं फॉर्मची चळत पुढे सरकवली आणि स्वतःच्याच अंगावर काम ओढवून घेतल्यासारखा सुस्कारा टाकला. प्रूफकाकांनी तिथंच बाकावर बसून अठ्ठावन्न फॉर्म भरले. वर कचेरीच्या फॉर्ममधल्या चार चुकाही दाखवून दिल्या.

इथवर सगळं ठीक होतं. पण कायद्यानं जसा आक्षेप घेण्याचा हक्क दिला होता, तसाच ज्याच्यावर आक्षेप आहे त्याला म्हणणं मांडण्याचाही दिला होता. झालं! आठवड्याभरात गल्लीतल्या अठ्ठावन्न मयतांना अठ्ठावन्न नोटिसा आल्या. मजकूर असा: 'आपण मयत असल्याबाबत आक्षेप प्राप्त झाला आहे. आपले म्हणणे मांडण्यासाठी आपण स्वतः हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपणांस काहीही सांगावयाचे नाही असे समजण्यात येईल.'

पहिल्या आल्या शिवणकाम करणाऱ्या आजी. नोटीस फडकवत म्हणाल्या, "आमच्या यांना काही सांगायचं नाही असं समजतायत. बरोबर आहे, मीही चाळीस वर्षं तसंच समजत आले. पण स्वतः हजर कसं करू, ते तेवढं सांगा." त्यांच्या पाठोपाठ पेट्रोल पंपावर कामाला असणारी एका घरची सून आली, मग दोघे भाऊ आले, मग आख्खा जिनाच भरला. लेक चहा करून करून थकली.

संध्याकाळी दारात न्हावी उभा. प्रूफकाकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, मी गेलोय म्हणे," न्हावी म्हणाला. "कधी गेलो?"

"अरे, तुझं दुकान बंद..."

"पलीकडच्या गल्लीत नेलं. दोन वर्षं झाली. तुम्हीच मला सोडून दुसऱ्याकडे जायला लागलात, आणि वर मलाच मारलंत?" न्हाव्यानं त्यांच्या डोक्याकडे निरखून पाहिलं. "आणि कापलेत तरी कसे त्यानं! मागं बघा, पायऱ्या पायऱ्या झाल्यात."

त्याला खुर्चीत बसवून, हातापाया पडून, आणि यापुढे केस त्याच्याकडेच कापायचे असं कबूल करून प्रूफकाकांनी तो आक्षेप मागे घेतला. उरले सत्तावन्न. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा स्वतःवरचा भरवसा डळमळला. प्रत्येक नावाला मृत्यूचा दाखला जोडायला हवा, असं कचेरीनं कळवलंच होतं. मग ते पिशवी घेऊन दारोदार निघाले.

आता बोला! ज्यांच्या माणसांना यादीतून काढायचं त्यांच्याच दारात उभं राहून म्हणायचं, "तेवढा दाखला देता का?" प्रूफकाकांना वाटलं होतं, लोक अंगावर येतील. पण झालं भलतंच. एकेका घरात कपाटातली फाईल निघायची, फाईलमधून दाखला निघायचा, दाखल्याबरोबर फोटो निघायचा आणि मग तास तास गप्पा. घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ घरातलं एकही घड्याळ चालू ठेवायचे नाहीत, कारण टिकटिक ऐकली की त्यांना कामावर असल्यासारखं वाटायचं. दवाखान्यातल्या नर्सबाई गल्लीतल्या पोरांना इंजेक्शनची भीती घालून अभ्यासाला बसवायच्या. "तुमच्या घरातल्यांना फार मानायच्या हो त्या," नर्सबाईंची बहीण म्हणाली. "म्हणायच्या, ही बाई यादी वाचते तर वाटतं गाणं म्हणतेय." प्रूफकाकांनी मान हलवली आणि चहा जास्तच भरभर प्यायला. छप्पन्न घरं फिरायला त्यांना सव्वा महिना लागला.

छप्पन्न दाखले मिळाले. सत्तावन्नावा वरच्या मजल्यावर होता, आणि वरचा मजला स्वतःच खाली आला.

वरच्या मजल्यावर मास्तर राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले, प्रूफकाकांचे तीस वर्षांचे शेजारी. दोघांचं एकमेकांशी पटायचंही आणि पटायचंही नाही. मास्तरांनी टेबलावर नोटीस ठेवली. वर त्यांच्या वडिलांचं नाव होतं.

"माझ्या वडिलांना बोलावलंय," मास्तर म्हणाले.

"मास्तर, यादीत त्यांचं वय एकशे एकोणीस आहे हो."

"असेल. पंचवीस वर्षं झाली त्यांना जाऊन. पण दर निवडणुकीला त्यांच्या नावाची चिठ्ठी येते घरी. तुमचं केंद्र अमुक, तुमची खोली अमुक. जगात तेवढी एकच चिठ्ठी येते त्यांना. मी ती आरशाच्या कडेला लावून ठेवतो. तीही तुम्हाला बघवली नाही?"

"मास्तर, चूक ती चूक."

मास्तरांनी टेबलावर पसरलेल्या यादीकडे पाहिलं. चौदावं पान वरच होतं. त्यांनी वाकून बोट ठेवलं. "मग ही टिंबं कसली?"

प्रूफकाकांनी पान झाकायला हात पुढे केला. पण चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसापासून काय लपणार?

"असं होय," मास्तर म्हणाले. "माझे वडील चूक, आणि तुमच्या घरातलं माणूस बरोबर." दाखला टेबलावर आपटून ते जिना चढून गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कचेरीत जाऊन एकच फॉर्म भरला. अनुक्रमांक चारशे तेरा.

आठव्या दिवशी तिच्या नावाची नोटीस आली. चार वर्षांत तिच्या नावानं आलेला तो पहिला कागद. प्रूफकाकांनी तो फोडला नाही. दुसऱ्याची पत्रं ते फोडत नसत. त्यांनी पाकीट तिच्या खुर्चीजवळच्या छोट्या टेबलावर ठेवून दिलं. संध्याकाळी लेकीनंच ते उघडलं.

"'आपण स्वतः हजर राहावे'," तिनं वाचलं आणि ती एकदम हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "बाबा, आता काय करायचं?"

"लढायचं."

"कशाच्या जोरावर? आई नाहीये, हे सगळ्या गावाला माहीत आहे. आणि मयतांची नावं ठेवू नयेत, असं तुम्हीच सत्तावन्न वेळा लिहून दिलंय. सहीनिशी."

प्रूफकाका येरझाऱ्या घालायला लागले. स्वतःच्याच युक्तिवादाला उत्तर शोधायचं म्हणजे मोठं संकट, त्यातून तो युक्तिवाद त्यांनी चांगला बिनचूक लिहिलेला. शेवटी वाट लेकीला सापडली. "हे बघा. पुरावा आक्षेप घेणाऱ्यानं द्यायचा असतो. मास्तरांकडे दाखला कुठाय? आईचा दाखला आपल्या कपाटात आहे. तुम्ही फक्त गप्प बसा. गप्प बसलात की जिंकलात."

"नुसतं गप्प?"

"नुसतं गप्प. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" प्रूफकाका म्हणाले. लेकीला मात्र खात्री वाटली नाही.

सुनावणीला कचेरीचं मोठं दालन गच्च भरलं. अधिकारी बाईंसमोर शिक्का, शाईची डबी आणि फॉर्मची चळत होती. शेजारी तोच कारकून. पुढच्या बाकावर न्हावी, त्याचा आक्षेप मागे घेतला असूनही. "पुन्हा कुणी मारलं तर? समोर असलेलं बरं," असं त्याचं म्हणणं.

"अनुक्रमांक सतरा," कारकुनानं पुकारलं.

पेट्रोल पंपावरची सून उभी राहिली. "माझे सासरे. गेलेत. पण शेवटपर्यंत मतदानाला स्वतःच्या पायांनी गेले, एवढं लिहा."

"ते लिहायला फॉर्मवर जागा नाही," अधिकारी बाई म्हणाल्या.

"समासात लिहिता येतं," प्रूफकाका पुटपुटले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, दाखला पाहिला आणि खरंच समासात दोन शब्द लिहून शिक्का मारला.

मग काय विचारता! ज्याला त्याला समासात काहीतरी हवं झालं. दुपारपर्यंत ती सुनावणी राहिलीच नाही. शिवणकाम करणाऱ्या आजी आपल्या न बोलणाऱ्या नवऱ्याबद्दल पंधरा मिनिटं बोलल्या. घड्याळवाल्यांची गोष्ट अर्धवट राहिली तेव्हा अधिकारी बाईंनीच शिक्का खाली ठेवून विचारलं, "मग घड्याळाविना उठायचे कसे?" जुनी गल्ली सगळी त्या दालनात येऊन बसली होती. एकेक जण हसतखेळत यादीतून निघून जात होता.

मास्तरांच्या वडिलांचं वय पुकारलं गेलं तेव्हा कुणीतरी खुदकन हसलं. मास्तर ताठ उभे राहिले. "मान्य आहे. काढा," एवढंच म्हणून बसले.

शेवटचा फॉर्म उरला. "अनुक्रमांक चारशे तेरा. आक्षेप घेणारे?"

"मी," मास्तर पुन्हा उठले.

"पुरावा?"

"नाही."

"मृत्यूचा दाखला?"

"तो यांच्या घरी आहे."

"मागितलात?"

"नाही."

"मास्तर, पुरावा आक्षेप घेणाऱ्यानं द्यायचा असतो."

"हो का? मला ठाऊक नव्हतं," मास्तर छताकडे बघत म्हणाले. हेच वाक्य सकाळपासून सत्तावन्न वेळा त्यांच्या कानावरून गेलं होतं.

अधिकारी बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे, मग प्रूफकाकांकडे पाहिलं आणि शिक्का उचलला. धप्प. आक्षेप फेटाळला. आणि प्रूफकाका उभे राहिले.

"बाबा!" लेकीनं बाही ओढली.

"बसा हो खाली!" मास्तर दात-ओठ खात कुजबुजले. "मुद्दाम मागितला नाही मी. कळत नाही का तुम्हाला?"

प्रूफकाकांनी आतल्या खिशातून घडी केलेला दाखला काढून बाईंच्या टेबलावर ठेवला.

"तुम्ही कोणाच्या बाजूचे?" बाईंनी विचारलं.

"तिच्या."

"म्हणजे नाव राहावं असं तुम्हाला वाटतं?"

"फार वाटतं."

"मग हा कागद कशाला देताय?"

"बाई, या सत्तावन्न घरांनी मला आपापले कागद काढून दिले. चहा पाजून दिले. आणि माझा मी खिशात ठेवून इथून गेलो, तर उद्या यांच्या तोंडाकडे कुठल्या तोंडानं बघू?"

बाईंनी दाखला वाचला, फॉर्म पाहिला. "पण या फॉर्मवर तर शिक्का पडला. एकदा फेटाळला तो फेटाळलाच."

"कचेरीच्या प्रतीवर खूण करून घेऊ," कारकून म्हणाला. "ह्यांची सही, खाली तुमची सही. यादी दुरुस्त करणाऱ्यांकडे तेवढं पान पाठवतो."

बाईंनी चौदावं पान प्रूफकाकांपुढे सरकवलं. "तुमच्याच हातानं करा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

प्रूफकाकांनी पेन उघडलं. अडतीस वर्षांत ही खूण त्यांनी लाखो वेळा केली असेल, पण आज पेन कागदाला लागेचना. शेवटी त्यांनी डोळे किलकिले केले आणि सगळं हातावर सोपवलं. हातानं छापखान्यात शिकवलं होतं तसंच केलं. मधल्या चौकटीतल्या तिच्या नावावर एक बारीकशी रेघ, तिथून डावीकडे जवळच्या समासापर्यंत दुसरी रेघ, आणि समासात वेटोळी खूण. सही. न्हाव्यानं मोठ्यानं नाक शिंकरलं.

घरी येताना मास्तर बरोबर होते. जिन्याशी थांबून म्हणाले, "तुम्ही मूर्ख आहात."

"मान्य," प्रूफकाका म्हणाले. "चहा घेणार?" मास्तरांनी चहा घेतला. मग दुसऱ्या दिवशीही घेतला, आणि मग तो परिपाठच पडला.

दोन महिन्यांनी पक्की यादी लागली. ती प्रूफकाकांनी आणली नाही. त्यांच्याच्यानं बघवणार नव्हती. आणली मास्तरांनी, आणि धाडधाड जिना उतरत आले. "अहो, हे बघा! हे काय करून ठेवलंय!"

चौदावं पान. अनुक्रमांक चारशे बाराच्या चौकटीवर आडवा शिक्का, मयत. शेजारी चारशे तेरा ठणठणीत. वय बहात्तर.

दोघं तसेच कचेरीत गेले. कारकुनानं शांतपणे फाईल काढली. "हे बघा, खूण कुठं आहे? समासात. समासाला लागून नाव कोणतं? चारशे बारा. म्हणून यादी करणाऱ्यांनी चारशे बारा काढलं. त्यांना काय माहीत तुमच्या रेघा?" त्यानं पान फिरवून दाखवलं. "काका, तुम्ही मयत आहात. तुमचीच सही आहे खाली."

"पण हे जिवंत आहेत!" मास्तर ओरडले. "इथं उभे आहेत!"

"म्हणून तर सांगतोय. अजून मुदत आहे, हा फॉर्म भरा. आमचा माणूस घरी चौकशीला येईल, घरात कोण कोण राहतं ते बघेल, त्या घराची सगळी नावं पुन्हा तपासेल आणि..."

"सगळी?" प्रूफकाकांनी विचारलं.

"सगळी."

प्रूफकाकांनी फॉर्म हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला. पूर्वी दाखवलेल्या चारही चुका तशाच होत्या. मग त्यांनी तो अलगद टेबलावर परत ठेवला. "राहू दे."

"अहो, राहू दे काय!" मास्तरांचा संताप अनावर झाला. "ही चूक आहे!"

"आहे ना."

"तुम्हाला दिसतेय ना?"

"ढळढळीत दिसतेय. मास्तर, अडतीस वर्षांत माझ्या हातून एवढी चांगली चूक झाली नव्हती. चला, चहाची वेळ झाली."

यादीत नाव नाही म्हणजे मत नाही. मत देण्याची एकही संधी न चुकवलेल्या माणसाला ते थोडं टोचलं, पण टोचलं तेवढंच. काळजी दुसरीच होती. तिचं नाव राहिलं खरं, पण त्या नावावर भलतंच कुणी मत टाकून गेलं तर? या विचारानं मात्र त्यांची झोप उडाली. म्हणून मतदानाच्या दिवशी सकाळी सातला, दार उघडायच्या आधी, प्रूफकाका शाळेच्या फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसले. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईकडे त्यांनी इतकं रोखून पाहिलं की दोघींनी तक्रार केली. मास्तर मत देऊन आले आणि शेजारी बसले. न्हाव्यानं येता-जाता शाई लागलेलं बोट दाखवलं, "बघा, मी आहे." दुपारी लेक अर्धा तास बाकावर बसली तेवढ्यात यांनी दोन घास खाल्ले. चारशे तेराच्या नावावर कुणी फिरकलं नाही.

दिवस कलला. गर्दी ओसरली. केंद्रावर कामाला आलेल्या एक बाई, परगावच्या, पाय मोकळे करायला यादी हातात घेऊनच फाटकापर्यंत आल्या.

"आजोबा, सकाळपासून बघतेय, इथंच बसलायत. मत दिलंत ना?"

"माझं नाव नाही यादीत."

"असं कसं? घर क्रमांक सांगा बघू." प्रूफकाकांनी सांगितला. बाईंनी पानं चाळली. चौदाव्या पानावर बोट थांबलं, आणि त्या मोठ्यानं वाचायला लागल्या. "चारशे तेरा. स्त्री, वय बहात्तर." असा खणखणीत आवाज या नावाला फार दिवसांनी लागत होता. प्रूफकाकांनी डोळे मिटून घेतले. "तुमच्या मिसेस का?"

"हो."

"मग त्यांचं नाव आहे की! आणि अजून आल्या नाहीत त्या." बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं उरलीत. घर जवळच असेल ना? जा, पटकन बोलावून आणा त्यांना."

मास्तरांनी मान दुसरीकडे वळवली. प्रूफकाका मात्र छान हसले.

"पाच मिनिटांत? छे हो! ती नुसतं 'आलेच' म्हणते, आणि मग अर्धा तास लावते."